खिडक्या शिवलेला तंबू

मी एक जुना तंबू आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मला घडी करून ठेवलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात. तंबूनं उभं राहायचं असतं. दोऱ्या ताणून वाऱ्यावर फडफडायचं असतं. गेली चार वर्षं मी शाळेच्या माळ्यावर, मोडक्या बाकांच्या मागं, एका गोणीत पडून आहे. खाली मधल्या सुट्टीची घंटा झाली, पोरी मैदानाकडं पळाल्या, की माझी चुळबुळ सुरू होते. तेव्हा माझं बोलणं जरा घाईचं वाटलं तर समजून घ्या.

माझा जन्म १९९५ सालचा, भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. ठमाबाई नावाच्या एक बाई तिथं शिलाई मशीन चालवायच्या. माझं कापड निळ्या नायलॉनचं आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा थर दिलेला. ठमाबाईंनी मला समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या, बारीक जाळीच्या, आणि वरून पाऊस अडवायला झापडं लावली. शेजारचा कारागीर म्हणायचा, खिडक्या कशाला, उगीच वेळ जातो. पण ठमाबाई स्वतः पत्र्याच्या खोलीत राहायच्या. बंद खोलीत जीव कसा घुसमटतो हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी दोन्ही खिडक्या नीट, दुहेरी टाका घालून बसवल्या.

तिथून मी थेट डोंगरावर जाणार असं मला वाटलं होतं. कसलं काय! मी गेलो मंचरला, इंदरचंद शेठच्या दुकानात. शेठचं दुकान ताडपत्री, दोरखंड आणि बारदानाचं. मंचर म्हणजे कांदा-बटाट्याचा बाजार, तिथं ताडपत्रीला कधी मरण नाही. मी ताडपत्रीच्या गठ्ठ्याबरोबर नमुना म्हणून आलो आणि दाराशी टांगला गेलो. पूर्ण दोन वर्षं! पुढून पुणे-नाशिक रस्ता वाहत होता. ट्रक गेला की मी हलायचो, एसटी गेली की हलायचो, पण जायचो कुठंच नाही. गिऱ्हाईक यायचं, मला चाचपायचं, याच्यात किती क्विंटल कांदा झाकंल असं विचारायचं आणि ताडपत्री घेऊन जायचं. मला तेव्हा फार राग यायचा. खरं सांगायचं तर आजही येतो.

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरात वृषालीबाई दुकानात आल्या. मंचरजवळच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ आणि भूगोल शिकवायच्या. नववीच्या आठ मुलींना दोन रात्री खिरेश्वरला नेऊन हरिश्चंद्रगड दाखवायचा त्यांचा बेत होता. त्या शाळेतली एकही मुलगी तोवर मुक्कामाला बाहेर गेलेली नव्हती. दोन वर्षं विनवण्या केल्यावर मुख्याध्यापक एका अटीवर तयार झाले होते. अट त्यांनी बाईंकडून लिहून घेतली होती: एक जरी मुलगी भिजली किंवा आजारी पडली, तर या शाळेत पुन्हा कॅम्पचं नाव निघणार नाही.

म्हणून बाईंना तंबू हवा होता, आणि तो चांगला हवा होता. पण स्वस्तही हवा होता, कारण वर्गणी बेताचीच जमली होती. मंडपवाल्याचा तंबू भाड्यानं मिळत होता, पण तो उचलायला चार गडी आणि एक टेम्पो लागत होता. ताडपत्रीचा शिवून घ्यावा तर त्याला खाली तळ नाही, विंचूकाटा सरळ आत. पुण्याच्या दुकानातला तंबू देखणा होता, पण तो घेतला असता तर मुलींना खिरेश्वरला चालतच जावं लागलं असतं. राहता राहिलो मी. दोन वर्षं न खपलेला असल्यामुळं शेठही भाव सोडायला तयार होते.

बाईंनी मला नुसतं पाहून घेतलं नाही. बरोबर दोन मुली आल्या होत्या. एक शेठचीच नात सिद्धी आणि दुसरी भाग्यश्री, जिला सगळे भागू म्हणायचे. बाईंनी त्या दोघींना दुकानामागच्या अंगणात मला उभा करायला सांगितलं आणि घड्याळ लावून बसल्या. मग स्वतः आत शिरून दार लावून घेतलं आणि शिवणीतून कुठं उजेड दिसतो का ते बघितलं. तळाचा कोपरा न् कोपरा ओढून पाहिला. शेवटी मला गुंडाळून खांद्यावर टाकलं आणि अंगणाला दोन फेऱ्या मारल्या. तंबू असा घ्यावा, मित्रांनो. दोन वर्षांत मी पहिल्यांदाच उभा राहिलो होतो. मला इतका आनंद झाला की एक खुंटी मी आपणहून उपटली.

पण मला पसंत करायचं काम एकट्या बाईंचं नव्हतं. पालकांच्या वतीनं हौशीरामभाऊ आले होते. ते भागूचे वडील. घरची मोठी शेती, कांदा साठवायच्या दोन चाळी, गावात शब्दाला वजन. त्यांनी हो म्हटलं तर बाकीचे पालक हो म्हणणार होते. हौशीरामभाऊंनी आयुष्यभर एकच गोष्ट जपली होती, ती म्हणजे पाणी आत शिरू न देणं. त्यांनी शेठकडं बादलीभर पाणी मागितलं. शेठ जैन, त्यांच्या घरी सगळं पाणी गाळून भरलेलं, आणि ते असं ओतून टाकायला जतनबाई, म्हणजे शेठच्या पत्नी, देईनात. शेवटी शेजारच्या हॉटेलातून बादली आली. हौशीरामभाऊंनी ती माझ्या छपरावर ओतली. एक थेंब आत गेला नाही. मग दुसरी बादली त्यांनी समोरून, जोरात, खिडकीवर मारली. झापड उडालं आणि पाणी जाळीतून आत गेलं.

अहो, पाऊस वरून पडतो, बादली समोरून येत नाही! पण हे सांगायला मला तोंड कुठं होतं? हौशीरामभाऊंनी मान हलवली. एवढ्या मोठ्या भोकांचा तंबू ते पास करणार नव्हते. या दोन्ही खिडक्या ताडपत्रीची ठिगळं लावून कायमच्या बंद करा, मग मी संमतीपत्रावर सही करतो, असं त्यांनी सांगितलं. बाई म्हणाल्या की खिडक्या हवेसाठी असतात. त्यावर ते म्हणाले, थंडीचे दिवस आहेत, पोरींना हवा कशाला पाहिजे. शेठनाही ते पटलं. ताडपत्री विकणाऱ्या माणसाला भोक कसं आवडणार!  बाईंना ती सही फार हवी होती. मग त्यांनी बरं म्हटलं.

बारदान शिवायचं दाभण घेऊन दुकानातल्या माणसानं माझ्या दोन्ही खिडक्या सुतळीनं शिवून टाकल्या. ते दुखलं, पण त्याहून जास्त म्हणजे मला ते अजिबात पटलं नाही. ज्यांच्या गावात घरटी कांद्याची चाळ, त्या माणसांना एवढं कसं सुचू नये? पण मी बाहेर पडणार होतो, म्हणून मीही मुकाट्यानं सोसलं. मी उतावीळ होतो, आणि उतावीळपणात माणसं करतात तेच मीही केलं.

डिसेंबरात आम्ही एसटीनं निघालो. नारायणगाव, आळेफाटा, ओतूर. मी टपावर होतो आणि असं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही. खिरेश्वरला एका खळ्याजवळच्या सपाट जागी मुलींनी मला उभा केला. समोर हरिश्चंद्रगडाचा कडा, खाली ओढा, आणि वारा तर असा की माझी एकेक दोरी गुणगुणत होती.

आता एक गोष्ट ऐका. सिद्धी जैन घरातली. दिवस मावळायच्या आत जेवायचं, ही जतनबाईंची अट होती. सिद्धीनं एकटीनं आधी जेवावं हे बाकीच्या मुलींना काही बरं वाटेना, म्हणून सगळ्यांनीच तिच्याबरोबर उजेडातच जेवून घेतलं. खाकरे, भाकरी, पिठलं. फार गोड जेवण झालं ते. पण त्यामुळं अंधार पडताच काम उरलं नाही, थंडी वाढली, आणि नऊ जणी लवकरच माझ्या आत येऊन बसल्या. दाराची चेन वरपर्यंत ओढली गेली. हौशीरामभाऊंनी बजावून सांगितलं होतं, कुठं फट ठेवू नका. मुलींनी गाणी म्हटली, हसल्या, झोपल्या. आणि नऊ जणींचा श्वास माझ्या गार कापडाला लागून तिथंच थांबला. त्याला जायला वाट नव्हती. तंबूला घाम येतो, मित्रांनो. मला त्या दिवशी असा घाम आला की तो छपरावरून ओघळून एकेकीच्या अंथरुणावर पडत राहिला. मला अंग झटकता येईना. एवढी लाज मला कधीच वाटली नाही.

सकाळी उन्हं येतायत तोवर एक जीप आली. हौशीरामभाऊ आणि त्यांच्या पत्नी धोंडाबाई आले होते. धोंडाबाईंचं माहेर पिंपरी पेंढारला. लेक डोंगरात आहे म्हणून दोघं तिथं मुक्कामाला थांबले होते आणि भावाची जीप घेऊन पहाटेच निघाले होते. हौशीरामभाऊंनी भागूच्या वाकळेवर तळहात ठेवला. मग सिद्धीच्या रजईवर, मग तिसरीच्या. सगळं ओलंचिंब. सिद्धी शिंकत होती.

हौशीरामभाऊ म्हणाले, सामान भरा, पोरींना घेऊन आपण आत्ताच्या आत्ता परत जायचं. त्यांनी आवाज चढवला नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली.  वृषालीबाई काय बोलणार? कागदावर त्यांची सही होती. त्या खाली बसून अंथरुणं गुंडाळायला लागल्या. आठही मुली गडाकडं पाठ करून उभ्या राहिल्या. गडाकडं बघितलं असतं तर त्यांना रडू आलं असतं.

तेवढ्यात धोंडाबाई वाकून आत आल्या. त्यांनी माझ्या छपरावरून बोटं फिरवली. मग खाली बसून तळाचे चारही कोपरे चाचपले. कोपऱ्यांत, शिवणीला, कुठंच ओल नव्हती. ओल होती ती छपराला आणि मध्ये, माणसं निजली होती तिथं. मग त्यांचा हात खिडकीवरच्या ठिगळाला लागला आणि तिथंच थांबला.

“पाणी भायेरनं न्हाई आलं,” त्या म्हणाल्या. “ही पोरींचीच वाफ हाय. ढिगावर ताडपत्री ऱ्हायली की कांदा कसा घामेजतो, तसं झालंय. ही खिडकी कुणी शिवली?”

 भागूनं एकदा वडिलांकडं बघितलं आणि पटकन मान खाली घातली. हौशीरामभाऊ म्हणाले, दव लई पडलं असंल. धोंडाबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या जीपकडं गेल्या, सीटखालचा विळा घेऊन आल्या आणि सुतळीचे टाके एकामागोमाग एक कापत सुटल्या. एक ठिगळ खाली पडलं, मग दुसरं. ओढ्यावरचा वारा एका खिडकीतून आत आला आणि दुसरीतून निघून गेला. अहाहा! महिनाभर कोंडलेला श्वास मी सोडला.

बाईंनी मग एकच गोष्ट मागितली. अंथरुणं दिवसभर उन्हात वाळतील, तोवर मुलींना गड बघून येऊ द्या. आजच्या रात्रीनंतर एक जरी गोधडी ओली निघाली तर मी स्वतः सगळ्यांना घरी सोडीन आणि पुन्हा असलं काही मागणार नाही. हौशीरामभाऊंनी हो म्हटलं नाही. खाली पडलेलं ठिगळ बुटानं सरकवत ते म्हणाले, “चढायचं आसंल तर लवकर निघा. ऊन व्हतंय.”

सगळ्या निघाल्या. धोंडाबाईंनी नऊवारीचा काष्टा खोचला आणि त्याही निघाल्या. जन्म इथं गेला, पण हा गड त्यांनी कधी चढलाच नव्हता. मागं राहिलो मी आणि हौशीरामभाऊ. त्यांनी कातळावर एकेक अंथरूण पसरलं. अर्ध्या तासानं ते उलटं केलं, मग पुन्हा सुलटं. दुपारपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. मध्येच त्यांनी माझ्या खिडकीत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. 

दुसऱ्या रात्री मुली कुडकुडल्या, खोटं कशाला बोलू. वारा आत खेळत होता, त्यामुळं त्या एकमेकींना चिकटून झोपल्या. पण रात्री जीपमध्येच थांबलेल्या हौशीरामभाऊंनी सकाळी हात फिरवला तर सगळी अंथरुणं कोरडी खडखडीत होती.  मला वाटलं, मिटलं सगळं. तसं मिटत नसतं.

घरी गेल्यावर सिद्धीला ताप आला. दोन दिवसांत उतरला, पण जतनबाई हादरल्या होत्या. मुली पहिल्या रात्री भिजल्या हे गावभर झालं. शनिवारी शाळेत पालकांची सभा बसली आणि पुरावा म्हणून मला टेबलावर पसरलं. मुख्याध्यापकांनी बाईंनी लिहून दिलेला कागद वाचला आणि विचारलं, मुली भिजल्या हे खरं का? बाई म्हणाल्या, खरं आहे. तंबू मी निवडला, मुली माझ्या जबाबदारीवर होत्या. खिडक्यांचं नावही त्यांनी काढलं नाही. का काढलं नाही? मला तर ओरडावंसं वाटत होतं! पण बाईंनी त्या अंगणात बरं म्हटलं होतं, आणि ते आपण म्हटलं हे त्यांना विसरता येत नव्हतं.

पालक आपापसात बोलायला लागले. पोरींना असं नेऊच नये, आधीच सांगितलं होतं, वगैरे. मुख्याध्यापकांनी पेन उघडलं. इंदरचंद शेठनी हौशीरामभाऊंकडं बघितलं आणि नजर वळवली. मी टेबलावर नुसता तळमळत होतो. हौशीरामभाऊ पहिल्या रांगेत बसले होते, टोपी काढत होते, घालत होते. गप्प बसायला त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. त्यांच्यावर बोट ठेवायची तिथं कुणाची छाती नव्हती.

ते उठले. टोपी हातातच राहिली.

“खिडक्या मी शिवून घेतल्या,” ते म्हणाले. “बाई नगं म्हणत व्हत्या. मी सहीसाठी अडवलं. चाळीत कांदा भरताना मी दोनी अंगांनी वाऱ्याला वाट ठेवतो. आन् पोरी आत निजणार म्हणल्याव मला ती वाट सुचली न्हाई. ह्यात बाईंची चूक न्हाई.”

 सगळ्यांच्याच घरी चाळी होत्या. मग शेठ उठून म्हणाले, शिलाई माझ्या दुकानात झाली, मीही बघत होतो. जतनबाईंनी टेबलाजवळ येऊन माझ्या खिडकीची जाळी चाचपून पाहिली आणि पुढच्या वर्षी सिद्धीला कानटोपी द्यायची, एवढंच म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी पेन बंद केलं.

त्यानंतर मी आठ वर्षं डोंगर बघितले. नाणेघाट बघितला, भीमाशंकरचं जंगल बघितलं, किती मुली माझ्या आत झोपल्या ते मोजलेलं नाही. परत आलो की हौशीरामभाऊ शाळेत यायचे, मला उन्हात पसरायचे, उलटं-सुलटं करायचे आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू द्यायचे नाहीत. पुढं बाईंची बदली झाली, हौशीरामभाऊ थकले. शेवटच्या कॅम्पहून आलो तेव्हा कुणीतरी घाईत मला ओलाच गुंडाळला आणि गोणीत कोंबला. तो माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त घरी जायची घाई होती. आता माझ्या घड्यांवर काळे डाग पडलेत आणि मला कुबट वास येतो, तो मलाच सहन होत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. तंबू असो, छत्री असो, दप्तर असो, ओलं गुंडाळून ठेवू नका. आधी उन्हात घाला. मला माळ्यावरून काढाल तर अजून चार-पाच वर्षं मी सहज उभा राहीन, नुसती हाक मारा. आणि कुणाला जपायचं म्हणून त्याच्या खिडक्या शिवू नका. शिवून झाल्याच असतील तर चार माणसांत उभं राहून सांगा, की या मी शिवल्या. हौशीरामभाऊंना ते सांगायला पाच दिवस लागले. तुम्हाला सहा लागले तरी चालतील.